चंदूची बीअर आणि धाकूकाकांचं गाऱ्हाणं

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात चंदू पेडणेकर दोन वर्षांनी बोटीवरून घरी आला, तेव्हा आमच्या सगळ्या मजल्याला वाटलं की आता ट्रंकेतून टेपरेकॉर्डर निघणार. अंधेरीच्या आमच्या त्या बिल्डिंगीत बोटीवरून आलेल्या माणसाची ट्रंक उघडणं हा सार्वजनिक कार्यक्रम असे. गॅलरीत माणसं जमली. चंदूनं ट्रंक उघडली, वरचे दोन जाडजूड स्वेटर बाजूला फेकले आणि आतून पत्र्याचे दोन डबे काढून डोक्यावर धरले.

"ताई, बघा! बीअर!"

"एवढ्याशा डब्यात बीअर?" मी विचारलं.

"ह्याच्यात नाय, ह्याच्यापासून! एका डब्याच्या तीस बाटल्या. घरी बनवायची. मी स्वतः बनवलीय, ताई, स्वतः! एकदम झकास!"

माणसं पांगली. काकवीसारखं काहीतरी भरलेले दोन डबे बघायला कुणाला वेळ होता! मी मात्र थांबले. मी शाळेत शास्त्र शिकवते आणि डब्यावर लिहिलेलं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय चंदूचं नाव जरी चंद्रप्रकाश असलं तरी त्याच्यात चांदण्याची शांतता औषधालाही नाही. तो जिना चढत नाही, धावतो. बोलत नाही, जाहीर करतो. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, पण एखादी गोष्ट सांगायची झाली की पायाच्या चवड्यांवर उभा राहतो. त्याच्यासमोरून उठून जाणं अवघड.

त्यानं सांगितलं ते असं. त्याची तेलवाहू बोट धंदा नाही म्हणून कंपनीनं नॉर्वेच्या एका खाडीत बांधून ठेवली होती. नांगर टाकलेली बोट, तिची राखण करायला नऊ माणसं, चारी बाजूंना बर्फाचे डोंगर आणि गाव म्हणाल तर लाँचनं तीन तास. हिवाळ्यात सूर्य दुपारी तोंड दाखवून परत जायचा. चंदूचं काम इंजिनखोलीत तेलपाणी बघायचं. तिथला चीफ इंजिनिअर, एक स्कॉटिश म्हातारा, असल्या डब्यांपासून बीअर करायचा. बादलीत डब्यातला अर्क, साखर, गरम पाणी, वर यीस्टची पुडी. मग बादलीला दोन ब्लँकेटं गुंडाळून बॉयलरच्या शेजारी ठेवायची, कारण थंडीत यीस्ट झोपून जातं.

"दोन हिवाळे ताई, तेवढीच एक जिवंत गोष्ट होती बोटीवर. बादली! आम्ही तिच्याशी बोलायचो."

हे सगळं सांगताना तो हसत होता, पण त्याची नजर सारखी गॅलरीच्या टोकाला जात होती. तिथे आरामखुर्चीत त्याचे वडील बसले होते.

धाकूकाका पेडणेकर. छत्तीस वर्षं गिरणीत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंचवीस वर्षं गाऱ्हाणं घालण्याचा मान. मालवणाकडच्या त्यांच्या गावाला एक राखणदार आहे, डोळ्यांना न दिसणारा. त्याला वर्षातून एकदा नारळ, कोंबडा आणि दारूची बाटली द्यायची, ती राखण. मुंबईत आलेली त्या गावची माणसं हा मान आमच्या बिल्डिंगीमागच्या पिंपळाखाली देतात. त्या वेळी घरातला वडील माणूस उभा राहून देवाशी मोठ्यानं बोलतो, ते गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार देतात. मी देशावरची, देवाधर्मात फारशी नाही, पण धाकूकाकांचं गाऱ्हाणं ऐकायला दर वर्षी जायची. देवाशी बोलताना ते त्याला चक्क दमात घेत. "आमी हय नळार भांड्याक भांडा लावून रवतो, तुजा लक्ष खंय आसा?" असं विचारत.

चंदू बोटीवर असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात अर्धामुर्धा आला, वाचाही थोडी आली. पुढच्याच राखणीला ते हट्टानं गाऱ्हाण्याला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला जीभ अडकली. गावच्या मंडळाचा राजाराम भला माणूस, त्यानं पुढे होऊन गाऱ्हाणं पुरं केलं. धाकूकाका खाली बसले. त्या दिवसापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बोट. डॉक्टर त्यांच्या बायकोला, शेवंतीकाकूंना, सांगत होते, "बोलायला लावा, जीभ चालू शकते, पण अशीच गप्प ठेवली तर कायमची जाईल." काकूंनी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. ते भिंतीकडे बघत.

आणि चंदू, बापाच्या आजाराची तार बोटीवर पोचली त्या दिवशी, त्या बादलीसमोर उभं राहून राखणदाराला नवस बोलला होता: बाबा उभे राहू देत, मी माझ्या हातची तुला देईन.

"आता फेडायचाय," तो मला म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पण राजारामकाकांनी नाय घालायचं गाऱ्हाणं. बाबांनीच. नायतर कसला नवस, ताई? माझा बाबा मुका राहिला तर मी बीअर कशाला पाजू देवाला?"

झालं. मी अडकले.

माझे यजमान श्यामकांत विमा कंपनीत आहेत, त्यामुळे संकट येण्याआधी त्याचा विचार करणं हा त्यांचा पेशाच. "परमिट आहे का त्याच्याकडे?" एवढंच त्यांनी विचारलं. दारू प्यायचं परमिट होतं, बनवायचं नव्हतं. मी म्हटलं, "देवाला लागत नाही." आणि पदर खोचून पेडणेकरांच्या स्वयंपाकघरात गेले.

आता माझी चूक सांगते. लपवत नाही, कारण चंदू ती अजून साऱ्या अंधेरीला सांगतो. डब्याबरोबर इंग्रजीत एक पत्रक होतं. चंदूनं ते माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला आणि बाईंच्या आवाजात वाचलं: मिश्रण उबदार जागी ठेवावे.

"बरोबर!" चंदू म्हणाला. "गुंडाळूया!"

"गुंडाळ," मी म्हटलं.

शेवंतीकाकूंनी लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी दिली. ऑक्टोबरचा महिना, पंखा गरम वारा फेकतोय, माणसं गॅलरीत बनियनवर बसलीयत, आणि मी, बी.एस्सी. बी.एड., बादलीला गोधडीत गुंडाळून वर सुतळीची गाठ मारतेय! वर चंदूला विचारतेय, "अजून एक घेऊया का?" अजून एक घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून जिना चढत होते, तेव्हा वरून धाड असा आवाज आला. बादलीचं झाकण उडून छताला लागलं होतं. गोधड्यांच्या मधून पिवळट फेस उसळत होता, गॅलरीभर पसरत होता, आणि खालच्या मजल्यावरच्या जोशांच्या वाळत घातलेल्या सतरंजीवर ठिबकत होता. चंदू दोन्ही हातांनी फेस बादलीत परत ढकलत होता. "ताई, ही पळतेय! धरा, धरा!"

उरलेला द्रव आम्ही चमच्यानं चाखला. नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास जसा असतो, तशी चव. सगळं मोरीत गेलं.

उत्तर मला तिसऱ्या दिवशी, आठवीच्या वर्गात, खडू हातात असताना मिळालं. यीस्ट शिकवत होते. "अति उष्णतेत किण्वन वेगानं व बिघडून होते" हे फळ्यावर लिहिलं आणि माझाच हात थांबला. पत्रक लिहिणारा माणूस थंड देशात बसला होता. त्याचं उबदार म्हणजे आमची जानेवारीची पहाट! चंदू दोन वर्षं बर्फात राहून आला होता, म्हणून त्याच्या हाताला गुंडाळायचीच सवय. पण मी? मी तर जन्मात फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नव्हता. मुलांना अभ्यास देऊन मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि स्वतःवर मनसोक्त चिडले.

घरी येऊन चंदूला सांगितलं, "आता दुसरा डबा डिसेंबरापर्यंत उघडायचा नाही. आणि गुंडाळायचं नाही, गार करायचं."

"एकच उरलाय, ताई."

"माहितेय."

"हा पण गेला तर वाट लागली." पहिल्यांदाच तो चवड्यांवर नव्हता.

पंधरा डिसेंबरच्या रविवारी दुसरी बादली लागली. आरेच्या बाजूनं छान कोरडा वारा येत होता. बादली पाण्याच्या घमेल्यात उभी केली आणि बाहेरून ओलं गोणपाट लपेटलं. माठाचं पाणी गार होतं तीच युक्ती. चंदूची घनता मोजायची काचेची नळी प्रवासात फुटली होती, म्हणून मी दूधवाल्यावर पाळत ठेवायला घेतलेला माझा लॅक्टोमीटर आणला. मिश्रणात सोडला तर दुधाच्या खुणेपाशी उभा राहिला. "म्हैस!" चंदू ओरडला. तो पाण्याच्या खुणेजवळ उतरला की बीअर झाली, असं आमचं ठरलं. झाकणाला एक वाकडी नळी होती आणि तिच्यात दोन चमचे पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बाहेर पडताना "गुडुक" असा आवाज येई.

राखण बारा जानेवारीला होती आणि सोळाला चंदूला नवीन बोट धरायची होती. पुन्हा तिकडेच, उत्तरेला. त्यासाठी त्याला दिवसभर कंपनीच्या ऑफिसात आणि डॉक्टरांकडे खेपा होत्या. शेवंतीकाकू दुपारी एका खाणावळीत पोळ्या लाटायला जात. गोणपाट तर सारखं ओलं ठेवायला हवं. चंदूनं आरामखुर्ची आत, आमच्या सामाईक भिंतीपाशी ओढली, बादली सरळ तिच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बापाच्या डाव्या हातात पेला दिला.

"बाबा, सुकलं की पाणी मारायचं. जबाबदारी तुमची."

धाकूकाकांनी भिंतीकडे पाहिलं. चंदू गेला. मी दाराआडून बघत होते, आणि मला लाज वाटत नाही. दहा मिनिटं काही नाही. मग बादली म्हणाली, "गुडुक." धाकूकाकांची मान वळली. पुन्हा "गुडुक." त्यांनी पेला घमेल्यात बुडवला आणि गोणपाटावर ओतायला गेले. तो पडला स्वतःच्या गुडघ्यावर, कारण हात नीट वळला नाही. पण पुढचा पेला बरोबर जागी पडला.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरीच. वह्या तपासत बसले होते. भिंतीपलीकडून हाक आली.

"बाय! बाय!"

आवाज ओळखीचा वाटेना. धावले. फेस वर चढून नळीत शिरला होता आणि झाकण उचललं जात होतं. धाकूकाका खुर्चीतून उठून डाव्या हातानं झाकण दाबून धरून उभे होते, घामाघूम. "बाय... ह्या... ह्या जाता!"

मी नळी काढली, धुतली, परत बसवली. बादली जरा डचमळली आणि "गुडुक" म्हणाली. मी पदरानं झाकण पुसलं. मग मला कळलं की वर्षभरानंतर हा माणूस बोलला आहे. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांत असा काही दम होता की माझ्यासारखी बाई गप्प बसली.

त्यानंतरचे पाच दिवस मी वह्या तपासल्या नाहीत. भिंतीला कान लावून बसत होते. दुपारी सगळं शांत झालं की पलीकडून पुटपुटणं सुरू होई. धाकूकाका बादलीला गाऱ्हाणं घालत होते!

"बा... देवा... म्हाराजा."

गुडुक.

"आमी... तुजी... ले... लेकरा."

थांबणं. अडकणं. पुन्हा तोच शब्द, तीनदा, चारदा. बादलीला घाई नव्हती. ती मधे पडून वाक्य पुरं करत नव्हती. शब्द पुरा व्हायचा आणि केव्हातरी ती आपली "गुडुक" म्हणायची. मला भिंतीच्या अलीकडे इतका आनंद झाला होता की काय करावं ते कळेना. मी उठून शिरा केला. श्यामकांत आले तेव्हा विचारायला लागले, "आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, खा." चंदूला सांगायला जीभ नुसती वळवळत होती. पण त्या बोटाची आठवण ठेवली.

आठव्या दिवशी लॅक्टोमीटर पाण्याच्या खुणेपाशी उतरला. चंदूनं मला जवळजवळ उचललंच. भंगारवाल्याकडून आणलेल्या तीस बाटल्या आम्ही उकळत्या पाण्यानं धुतल्या, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर टाकली, बीअर भरली, आणि चंदूनं बरोबर आणलेल्या पत्र्याच्या बुचांवर हातोडी मारली. मोडलेली दहाबारा बुचं सोडली तर छान जमलं. देवाआधी चाखायची नाही असा काकूंचा हुकूम. म्हणजे तीन आठवडे खाटेखाली तीस बाटल्या, आणि त्यांत बीअर आहे की आणखी तीस नेलपॉलिशं, हे कुणालाच माहीत नाही!

चंदू रोज बापासमोर उकिडवा बसून विचारायचा, "बाबा, घालाल ना गाऱ्हाणं?" धाकूकाका भिंतीकडे बघायचे. बादली रिकामी झाल्यापासून दुपारचं पुटपुटणंही बंद झालं होतं.  बादलीसमोर बोलणं वेगळं आणि गावासमोर वेगळं.

बारा जानेवारीची सकाळ. पिंपळाखाली चाळीसएक माणसं जमली होती. राखणदाराच्या दगडासमोर नारळ, हळदकुंकू, पानाचे विडे. चंदूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बाटली छातीशी धरली होती. राजाराम बाटलीकडे संशयानं बघत म्हणाला, "बीयर चलात रे देवाक?"

"हातची आहे, काका," चंदू म्हणाला आणि बूच काढलं.

फस्स! पांढरा शुभ्र फेस मानेपर्यंत आला आणि शहाण्या मुलासारखा तिथेच थांबला. गर्दीतून "आयला!" असा आवाज उठला. ती चांगली झाली होती हे इथेच सांगून टाकते. श्यामकांतांनी नंतर परमिट विसरून दोन पेले घेतले. पण त्या क्षणी चंदूचं बाटलीकडे लक्षच नव्हतं. तो बापाकडे बघत होता.

धाकूकाका ओट्यावर बसून होते.  राजारामनं डोक्यावर टोपी नीट केली, घसा खाकरला आणि पुढे पाऊल टाकलं. चंदूची मान खाली गेली.

आणि धाकूकाका उठले. काकूंचा हात बाजूला सारून, पाय ओढत, दगडासमोर जाऊन उभे राहिले.

"बा... देवा... म्हाराजा."

 मग एकदम चाळीस गळे: "व्हय म्हाराजा!"

"तुजी लेकरा... खंय खंय... पोट भरूक... गेलेली आसत."

"व्हय म्हाराजा!"

चंदूचे दोन्ही हात बाटलीवर घट्ट झाले होते. धाकूकाका थांबले. "माज्या..." म्हणाले. पुन्हा "माज्या..." जीभ अडकली. कपाळावरची शीर टरारली. लोक अस्वस्थ झाले. राजाराम मदतीला पुढे सरकला. मी त्याचा सदरा मागून पकडला आणि दातओठ खाऊन म्हटलं, "हलायचं नाही." तो घाबरून थांबला. आम्ही सगळे थांबलो. 

"माज्या... झिलान," धाकूकाका म्हणाले, "आपल्या हातान... तुका... दारू केल्यान. ती... गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!" काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"माका... माका कायेक नको." त्यांनी अर्धामुर्धा उजवा हात उचलून चंदूकडे केला. "ह्यो परत... जाता. थंय... थंडी लय. हेच्या... जवळ... कोण नाय. तू... हेका... ऊब दी."

"व्हय म्हाराजा!" पिंपळावरचे कावळे उडाले.

सगळ्यांनी म्हटलं, एकट्या चंदूनं नाही. तो बाटली धरून उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. त्यानं बापासाठी मागितलं होतं आणि बाप त्याच्यासाठी मागत होता. आयुष्यात ज्याचं तोंड कधी बंद पाहिलं नाही, त्याच्या गळ्यातून आवाज निघेना. गालांवरून पाणी वाहून बाटलीवर पडत होतं. धाकूकाकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. जुन्या गाऱ्हाण्यातला तो दम पुरता परत आला होता, आणि या वेळी शब्द एकदाही अडकला नाही.

"व्हय म्हण रे मेल्या! देव वाट बघता!"